मायचा अंगठा

सुट्टीला गावाकडं गेलो होतो तर मायला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, लाडक्या बहिणीचे १५०० काढायला. परभणीकडं आमच्या गावात बँक नाही, तालुक्याला जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून सगळं गाव दुकानातल्या मशीनवर अंगठा लावूनच पैसे काढतं.

आता कापूस वेचून मायचा अंगठा पार घासलेला, बोंडाच्या टोकानं चिरा पडलेल्या, मशीन काय घेईना. "मावशी, पदराला पुसा अन् परत लावा." दोनदा नाही म्हणे उमटला, तिसऱ्यांदा लागला. आणि माझ्या फोनवर मेसेज दोन! १५०० दोनदा कटले. दुकानदार म्हणे सर्व्हरचा प्रॉब्लेम, येतील माघारी. आले पण चौथ्या दिवशी, खोटं कशाला बोलू. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियमच हाय, ५ दिवसात यायला पाहिजेत नाहीतर बँकेनं रोजचे १०० द्यायचे. पण मी नसतो तर? मायला मेसेज वाचता येत नाही, तिला कोणता अंगठा लागला अन् कोणता नाही हे दुकानदार सांगेल तेच खरं.

याच्यात पिन नाही, ओटीपी नाही. आधार नंबर, बँकेचं नाव अन् अंगठा, झालं, एका वेळी १०,००० पर्यंत निघतात. बरं पिन चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलायचा? खरेदीखतावरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवले अन् खाती साफ केली, अशा केसेस झाल्यात, आणि आपल्याकडं तर जमिनीच्या प्रत्येक कागदावर अंगठाच अंगठा. जिवंत बोट ओळखणाऱ्या नव्या मशीनी आल्यात म्हणा, पण दुकानदारच दोनदा दाबून घेत असला तर मशीन काय करणार, बोट तर खरंच हाय ना.

म्हणून एमआधार ॲपमधून तिचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलं, म्हणजे अंगठ्याला कुलूपच, अन् पुण्याला आलो. पैसे गेलेच तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन लावायचा हे शेजारच्या पोराला सांगून ठेवलंय.

काल ऐन मीटिंगमध्ये फोन. "आरं रेशनवाला म्हन्तो तुमचा अंगठाच बंद हाय, कामून रं?" लॉक केलं की रेशनचं मशीनपण घेत नाही, हे डोक्यातच नव्हतं. बाहेर येऊन लॉक उघडलं, १० मिनिटंच उघडं राहतं ते. "माय, लवकर लाव अंगठा." "आरं पन माज्या म्होरं चार जन हायती."