३२ बिटचं कार्ड, १६ जीबी रॅम आणि बायोसचा पासवर्ड

गोव्यात वेर्ण्याच्या आमच्या प्लांटवर बाटल्या तपासायच्या मशीनला जुनं पीसीआय कॅमेरा कार्ड आहे. ते ३२ बिटचं, म्हणजे ४ जीबीच्या वरची मेमरी त्याला दिसतच नाही. जुना पीसी गेला, १६ जीबीचा नवा आला, लिनक्सचा ड्रायव्हर चढवला, इथवर काही त्रास नाही. छोटे फोटो नीट येत होते, मोठी फ्रेम मात्र कधी यायची कधी नाही, आणि लॉगमध्ये एकच रड, एसडब्ल्यूआयओटीएलबी बफर फुल, म्हणजे अशा कार्डांसाठी राखलेली मधली तात्पुरती मेमरी भरली.

यावर जो तो सांगतो बफर वाढव. त्यात वेळ घालवू नका. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, या बफरसाठी ४ जीबीच्या खाली ६४ एमबी राखून ठेवतो, कार्ड तिथे डेटा टाकतं आणि सीपीयू तो कॉपी करून वर नेतो, पण एका मॅपिंगला, म्हणजे एका वेळी सलग मिळणाऱ्या तुकड्याला, २५६ केबीचीच मर्यादा आहे, बफर कितीही वाढवा ती हलत नाही. आमची फ्रेम १ एमबीची!

उपाय व्हीटी-डी, म्हणजे कार्ड आणि मेमरीच्या मध्ये पत्ते बदलून देणारी इंटेलची सोय (आयओएमएमयू). ते चालू असलं की कार्डाला ४ जीबीच्या आतला पत्ता मिळतो, खरी मेमरी कुठे का असेना. पण ते बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद, आणि बायोसचा पासवर्ड आयटीकडे. त्यांच्या फॉर्मात बायोस हा पर्यायच नाही म्हणून 'इतर' निवडलं, तर तिकीट आपोआप बंद, कारण काय तर युजरने उत्तर दिलं नाही. अरे मला विचारलं कोणी? परत टाकलं. मग एक पोरगा आला, म्हणाला रॅम बदलून पळय. रात्रभर मेमटेस्ट, एकही एरर नाही. मग मॅनेजरची मंजुरी हवी, आणि मॅनेजर चवथीला गावी. तोवर बूट लाइनमध्ये (लिनक्स सुरू होताना कर्नलला द्यायच्या सूचना) मेम=३जी टाकून, म्हणजे फक्त ३ जीबी रॅम वापरायला सांगून, प्रॉडक्शन लाइन चालवली, १३ जीबी नुसती पडून, आणि प्रॉडक्शनवाले म्हणतात चाललंय ना मग कशाला हात लावता. शेवटी आयटीचे साहेब आले, कीबोर्डवर हात आडवा धरून पासवर्ड मारला, एक सेटिंग बदललं आणि चहा न घेताच गेले. एवढ्यासाठी!

हो, जुना ड्रायव्हर व्हर्ट-टू-फिज हे फंक्शन वापरून कार्डाला मेमरीचा खरा पत्ता थेट देत असेल तर व्हीटी-डी चालू केल्यावर उलट पूर्णच बंद पडेल, आधी त्यात डीएमए (कार्डाने स्वतः मेमरीत डेटा टाकणं) मॅपिंगचे कॉल घाला, म्हणजे पत्ता कर्नलकडून घेतला जाईल. बूट लाइनमध्ये आयओएमएमयू=पीटी (पत्ते न बदलता तसेच पुढे सोडा) असेल तर तेही काढा, नाहीतर गाडी परत त्याच बफरवर. आणि नवीन पीसीच्या ऑर्डरमध्येच 'व्हीटी-डी चालू करून द्यावा' असं लिहा, मी आता लिहितोच.