जर्मनीतल्या रिकाम्या बाटल्यांचा वैताग

जर्मनीत नव्याने आलेल्या माणसाचं डोकं लवकरच फिरतं ते रिकाम्या बाटल्यांपायी. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट अनामत, बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा 8. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की ही अनामत परत मिळते. बाटली चुरगाळायची सवय असेल तर पैसे गेलेच समजा: बारकोड वाचता आला नाही की मशीन ती सरळ परत ढकलतं. लेबल फाटलं तरी तेच. मशीनमधून निघालेली पावती त्याच दुकानात काउंटरवर द्यायची.

जॅमच्या बरण्यांना अनामत नाही. त्या रस्त्यावरच्या, काच टाकायच्या डब्यात, पांढरी, तपकिरी, हिरवी काच वेगवेगळी. निळी? हिरव्यात. आणि रविवारी हे करायचंच नाही, खळखळाट होतो म्हणे! आवराआवरीला मोकळा दिवस मात्र नेमका तोच.