तिसऱ्या होल्डवरचा आडवा सांधा

मे महिन्याच्या अखेरीस मुंबई बंदराच्या इंदिरा गोदीत लागलेल्या एका बल्क कॅरियरच्या (सुटा माल वाहणाऱ्या जहाजाच्या) तपासणीचे काम माझ्याकडे आले. जहाजाने पिवळा वाटाणा उतरवला होता आणि आता पोलादी कॉइल भरून ते भूमध्य समुद्राकडे निघणार होते. भरणीआधी सर्व हॅच कव्हरची, म्हणजे होल्डच्या (माल भरण्याच्या कोठाराच्या) तोंडावरच्या पोलादी झाकणांची, अल्ट्रासॉनिक चाचणी व्हावी, अशी मालाच्या विमा कंपनीची अट होती. हंगाम पाहता ती रास्तच होती. जूनमध्ये नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की अरबी समुद्रात लाटा सरळ डेकवर येतात, आणि कॉइलचे वेष्टन वरून कितीही चांगले दिसले तरी उतरवणीच्या बंदरात सर्वेक्षक त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहतो. थेंब दुधाळ झाला की क्लोराइडचा अंश असल्याचे कळते आणि खाऱ्या पाण्याचा दावा उभा राहतो.

चीफ ऑफिसरने देखभालीच्या नोंदींची फाइल पुढे ठेवली. काही महिन्यांपूर्वीच सर्व हॅचच्या सांध्यांत पाणी रोखणारे रबर नवे बसवले होते आणि त्यानंतरची होज टेस्टही व्यवस्थित पार पडली होती. १२ मिलीमीटरच्या नोझलमधून २ बार दाबाने, दीड मीटरच्या आतून प्रत्येक सांध्यावर पाणी मारले होते आणि होल्डमध्ये एक थेंबही आढळला नव्हता. नोंदी खऱ्या होत्या, याविषयी मला आजही शंका नाही.

अल्ट्रासॉनिक चाचणीत होल्डच्या तळावर प्रक्षेपक ठेवतात. तो साधारण ४० किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरी सोडतो, ज्या माणसाच्या कानाला ऐकू येत नाहीत. आधी हॅच उघडी ठेवून वर किती ध्वनी पोहोचतो ते मोजले जाते, मग कव्हर बंद करून, क्लीट (कव्हर जागेवर धरणाऱ्या पकडी) लावून, ग्राहक यंत्र हातात घेऊन सर्वेक्षक प्रत्येक सांध्यावरून सावकाश चालतो. उघड्या हॅचच्या मूल्याच्या १० टक्क्यांहून जास्त ध्वनी जिथे बाहेर येतो, तिथे रबरावर पुरेसा दाब नाही असे धरतात. पोलादावर खडू लावून रबरावर त्याचा ठसा उमटतो का ते पाहण्याची खडूची चाचणी मात्र रबर पोलादाला टेकले आहे एवढेच सांगते, किती दाबाने टेकले आहे ते सांगत नाही, आणि समुद्रात जहाजाचा सांगाडा वाकू-पिळू लागल्यावर नुसते टेकणे उपयोगाचे नसते.

पहिल्या दोन हॅच ठीक निघाल्या. तिसऱ्या होल्डचे उघड्या हॅचचे मूल्य ५२ डेसिबल आले होते, म्हणजे मर्यादा ५ च्या किंचित वर. कडेच्या सांध्यांवर आकडा २-३ च्या आसपास होता, पण कव्हर ज्या पॅनेलांचे (भागांचे) बनलेले असते त्यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनेलमधल्या आडव्या सांध्यावर येताच हेडफोनमध्ये खरखर वाढू लागली आणि डाव्या कोपऱ्यावर आकडा २३ झाला. यंत्र पुन्हा तपासून मी उलट दिशेने चाललो, तरी कोपऱ्यावर तेच.

जहाजावरचे सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, दाभोळकडचे होते, वयाने माझ्याहून मोठे आणि अनुभवाने निश्चितच. ते शेजारी उभे राहून आकडे वाचत होते. म्हणाले, “साहेब, रबर आम्हीच बसवलंय. जुनं सगळं खरवडून काढलं, खोबण रंगवली, मग नवं भरलं. कुठे तुकडे जोडले नाहीत.” मी त्यांना म्हटले, “सारंग, रबराबद्दल माझी तक्रारच नाही. कव्हर उघडा, खालचे पोलाद पाहू.”

कव्हर उघडल्यावर कारण फार शोधावे लागले नाही. पॅनेलचे वजन कोमिंगवरच्या (हॅचभोवतीच्या उभ्या पोलादी कठड्यावरच्या) बेअरिंग पॅडवर येते, आणि पोलाद पोलादाला टेकल्यावर रबर ठरलेल्या मापाइतकेच दाबले जाते. दुसऱ्या पॅनेलचे डाव्या बाजूचे पॅड ६ मिलीमीटर झिजले होते आणि शेजारच्या पॅनेलचे जवळपास शाबूत होते. त्यामुळे एक पॅनेल खाली बसत होते, दुसरे मूळ उंचीवर राहत होते, आणि आडव्या सांध्यातला कॉम्प्रेशन बार (रबर दाबणारी पोलादी पट्टी) रबरापर्यंत नीट पोहोचतच नव्हता. उलट त्याच पॅनेलच्या बाहेरच्या कडेला नवे रबर गरजेपेक्षा फार जास्त चेपले गेले होते. तिथली खाच बोटाने चाचपता येत होती, आणि हात काढल्यावरही ती भरून येत नव्हती. प्रेशर कुकरच्या चेपलेल्या झाकणाला नवी रिंग बसवावी, तसा हा प्रकार होता.

मग होज टेस्टमध्ये हे दिसले कसे नाही? आडव्या सांध्याखाली पन्हळ असते. रबरातून निसटलेले पाणी तिच्यातून कोमिंगच्या कडेला येते आणि एकदिशा झडपेतून डेकवर निघून जाते. होल्डमधून वर पाहणाऱ्याला सांधा कोरडाच दिसतो. आता मात्र त्याच कोपऱ्यातल्या झडपेच्या तोंडाला टोपण घट्ट बसलेले आढळले. वाटाण्याला धुरी देताना वायू बाहेर पडू नये म्हणून टोपणे लावतात, आणि धुरी संपल्यावर ती काढून साखळीला लटकती ठेवायची असतात. हे एक राहून गेले होते. पन्हळीत वाटाण्याचे भरडलेले दाणे आणि भुसा अडकला होता. म्हणजे सांध्यातून येणारे पाणी या वेळी बाहेर न जाता पन्हळ भरून थेट कॉइलवर सांडले असते.

कॅप्टनशी बोलणे सोपे नव्हते. जहाज भाडेकरारावर होते आणि भरणीला एका दिवसाचा उशीर म्हणजे मालकाचे थेट नुकसान. सांध्यांवर चिकट टेप लावून निघू, असे त्यांनी सुचवले. ते अनेक ठिकाणी चालतेही. माझे म्हणणे असे की टेप चांगल्या सांध्यावरचे जादा संरक्षण आहे, बिघडलेल्या सांध्याचा इलाज नाही, शिवाय लाटांच्या माऱ्यात ती सुटते आणि तेव्हा डेकवर जाऊन ती पुन्हा लावणे कोणालाही शक्य नसते. चीफ ऑफिसर क्लीट आणखी आवळायला तयार होते. तेही मी थांबवले. क्लीट कव्हर जागेवर राखण्यासाठी असतात, रबर दाबण्यासाठी नव्हे. जास्त आवळले तर पॅनेलला समुद्रात हलायला जी थोडी मोकळीक लागते तीच जाते आणि झीज वाढते. हॅच कव्हरचा विषय निघाला की १९८० साली ऑर्किड वादळात ४४ जणांसह बुडालेल्या ‘डर्बीशायर’ जहाजाचे नाव हमखास निघते, आणि कॅप्टननीही ते काढले. तिथे लाटांच्या भाराखाली कव्हरच खचली होती, प्रश्न मजबुतीचा होता. आमच्यापुढचा प्रश्न त्यामानाने किरकोळ होता, पण दावे बहुतेक अशाच किरकोळ गळतीचे येतात.

मालकाच्या सुपरिंटेंडंटने फोनवर सर्व ऐकून घेतले आणि, हे मुद्दाम नोंदवतो, फारशी हुज्जत न घालता दुरुस्तीला होकार दिला. गोदीत वेल्डिंग करायला बंदराची परवानगी आणि अग्निसुरक्षेची व्यवस्था लागते, त्यात संध्याकाळ गेली. रात्री पॅनेल हायड्रॉलिक जॅकवर उचलून झिजलेले पॅड कापून काढले, मूळ उंचीचे नवे बसवले आणि फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) चारही कोपरे तपासले. चेपलेले रबर ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण कायमची खाच ठरलेल्या दाबाच्या निम्म्यापुढे गेली की ते बदलावेच लागते. त्या पॅनेलच्या बाहेरच्या कडेला आणि आडव्या सांध्याला पूर्ण लांबीचे नवे रबर बसले, कोपऱ्यांचे साचेबंद तुकडे जहाजाच्या भांडारात होतेच. दरम्यान सारंगांनी आपली माणसे लावून सर्व पन्हळी झाडून घेतल्या आणि प्रत्येक झडपेचा गोळा मोकळा हलतो की नाही ते स्वतः पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा चाचणी घेतली. डेकचा पत्रा बुटातून चटके देत होता. आडव्या सांध्यावर आकडा २ आणि ३ च्या मध्ये राहिला, डाव्या कोपऱ्यावर ४. उरलेल्या हॅचही मर्यादेत आल्या, मात्र चौथ्या होल्डच्या दोन पॅडवर झीज सुरू झालेली दिसली. तिची मापे मी अहवालात लिहिली, पुढच्या सुक्या गोदीत ते पॅड बदलावेत अशी शिफारस केली आणि तोवर प्रत्येक फेरीनंतर त्यांची उंची मोजून नोंदवहीत लिहावी असे सुचवले. सारंगांनी त्या पानाची एक प्रत स्वतःसाठी मागून घेतली. संध्याकाळच्या पाळीत पहिली कॉइल तिसऱ्या होल्डमध्ये उतरली.