स्केचबुक घेऊन छोट्या मैफलींना: एका वीकेंडचा वृत्तांत

गाणारी-वाजवणारी माणसं समोर बसून काढायची असतील तर छोट्या जागा धरा. मोठ्या मैदानावर गायक अंगठ्याएवढा दिसतो, आणि मग आपण माणूस सोडून त्याच्यामागचा भलामोठा पडदा काढत बसतो. लहान खोलीत गिटारच्या तारेवर दाबलेलं बोट दिसतं, ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वास खांद्यात दिसतो. स्वतंत्र संगीतकार, म्हणजे स्वतःची गाणी स्वतः लिहून, पदरचे पैसे घालून रेकॉर्ड करून, आवाज मोठा करणारे ॲम्पसुद्धा स्वतःच उचलून आणणारी मंडळी, बहुतेक वेळा अशाच खोल्यांत वाजवतात. गेल्या शनिवार-रविवारी असे कार्यक्रम एकाच शहरात लागोपाठ होते, म्हणून बॅग भरून निघाले. तुम्हाला असं जायचं असेल तर उपयोगी पडेल ते सगळं इथे लिहिते.

निघायच्या आधी कलाकाराला किंवा आयोजकाला मेसेज टाका. ‘मी बसून चित्रं काढणार आहे, फ्लॅश नाही, स्टँड नाही, साउंडचेकच्या वेळी आत आले तर चालेल का?’ एवढंच विचारायचं. या मंडळींचे मेसेज बहुधा तीच वाचतात आणि उत्तरंही देतात. मला पहिल्या संध्याकाळसाठी लगेच होकार आला. दुसऱ्या जागेने साउंडचेकला नाही म्हटलं, पण भिंतीलगतची उंच खुर्ची राखून ठेवली, आणि उभ्या गर्दीच्या कार्यक्रमात उंच खुर्चीसारखं सुख नाही.

साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी माइक आणि वाद्यांचा आवाज तपासतात तेव्हा, दिवे लागलेले असतात, त्या वेळात मी माणसं काढतच नाही. माइकचे स्टँड, ॲम्प, झांजांची उंची, जमिनीवर पसरलेल्या वायरी, पायाशी मांडलेले पेडल, असं सगळं फिक्या पेन्सिलीने दोन-तीन पानांवर मांडून ठेवते आणि माणसांच्या जागा कोऱ्या सोडते. कार्यक्रम सुरू झाला की कोऱ्या जागेत माणूस येऊन बसतो. अंधारात माइकचा स्टँड सरळ काढण्यात एक अख्खं गाणं निघून जाऊ शकतं, आणि ते गाणं त्या रात्री पुन्हा वाजत नाही.

पहिल्या संध्याकाळी एक गायिका एकटीच होती, ॲकूस्टिक गिटार घेऊन. समोर खुर्च्या, दिवा एकच, तिच्या डाव्या बाजूने येणारा, पिवळसर. नवख्या माणसाने सुरुवात अशाच कार्यक्रमापासून करावी. समोरचा माणूस सारखा हलतोय, मग काढायचं कसं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. वाजवणारा माणूस हलतो खरा, पण ठरलेल्या वाटेने हलतो. कडवं संपून ध्रुवपद आलं की डावा हात गिटारच्या मानेवरच्या त्याच फ्रेटवर, म्हणजे धातूच्या आडव्या दांडीवर, येतो, मान त्याच बाजूला झुकते, टाच त्याच ठेक्यावर उचलली जाते. गाणंच मॉडेलला पुन्हा त्या पोझमध्ये आणून बसवतं. म्हणून मी एका पानावर एकच चित्र धरून बसत नाही. कडव्यातली पोझ एका कोपऱ्यात, ध्रुवपदातली दुसऱ्या कोपऱ्यात, मधल्या वाजवण्यातली तिसरीकडे, अशा अर्ध्यामुर्ध्या आकृत्या सुरू करते आणि गाणं जिथे पोचेल त्या आकृतीवर हात नेते. यासाठी गाणं खरोखर ऐकावं लागतं. दुसऱ्या कडव्यापर्यंत चाल कळलेली असते, पुढे कुठली पोझ येणार हे आधीच समजतं, आणि पेन तिथे तयार असतं.

दोन गाण्यांमधला वेळ मात्र बहुतेक चित्रकार वाया घालवतात. पान उलटतात, पाणी पितात. त्या संध्याकाळचं माझं सगळ्यात आवडतं पान त्याच वेळातलं आहे. तिने कॅपो, म्हणजे मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा, काढून दोन फ्रेट वर लावला, तार छेडायचं पिक ओठांत धरलं, गिटार मांडीवर जरा उभी केली आणि कान तारेच्या खुंटीकडे नेला. एक डोळा मिटलेला, दुसरा उघडा पण कुठेच न बघणारा. हाताची दोनच बोटं खुंटीवर, बाकीची पंख्यासारखी उघडलेली. तार जुळेपर्यंत ती तशीच होती, मान किंचितही न हलवता. एवढी स्थिर पोझ अख्ख्या कार्यक्रमात दुसरी मिळाली नाही.

वाद्य चुकलं की चित्र कोसळतं, चेहरा कितीही हुबेहूब असो, म्हणून काही मापं डोक्यात ठेवलेली बरी. गिटारचा बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. मानेच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीपासून बाराव्या फ्रेटपर्यंत जितकं अंतर, तितकंच तिथून खालच्या घोडीपर्यंत. बऱ्याच ॲकूस्टिक गिटारींत मान आणि धड चौदाव्या फ्रेटपाशी मिळतात, क्लासिकल गिटारीत बाराव्यापाशी. साध्या गिटारीची वाजणारी तार साधारण ६५ सेंटिमीटर असते, बास गिटारीची नेहमीची ८६ च्या आसपास. एवढ्या फरकाने बासवाल्याचा डावा हात शरीरापासून बराच लांब जातो, कोपर उघडं राहतं. तेवढं कोपर नीट आलं तर चार तारा न मोजताही बघणारा बास ओळखतो.

वाद्यं मध्यभागी आणण्याच्या बाबतीत मी फ्रेंच चित्रकार एदगार दगाला फार मानते. १८७० च्या सुमाराच्या ‘ऑपेराचा वाद्यवृंद’ या चित्रात त्याने रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसणाऱ्या वादकांना पुढे घेतलं, बसून नावाचं लांब नळीचं फुंकवाद्य वाजवणारा त्याचा मित्र देझिरे दिओ ऐन मध्यात ठेवला, आणि वर रंगमंचावरच्या नर्तिकांची डोकी चौकटीबाहेर कापून टाकली. वरच्या बाजूला उजेडात फक्त झगे आणि पाय. पॅरिसच्या म्युझे दोर्सेमध्ये हे चित्र आहे. गायकावरच सगळे दिवे असले तरी तुम्ही कोणाला मध्ये ठेवायचं हे तुमच्या हातात असतं. मी त्या संध्याकाळनंतर मागच्या माणसांकडे जास्त बघितलं.

रात्रीचा कार्यक्रम अगदी वेगळा होता. एकामागून एक बँड, उभी गर्दी, कर्कश दिवे, आणि आवाज छातीत जाणवणारा. तिथे पहिलं काम कानात इअरप्लग घालायचं. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला जास्तीत जास्त आठ तास हा कामगारांसाठी वापरला जाणारा एक प्रचलित हिशोब आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची वरची मर्यादा सुचवली तीही याच काळजीने. ऐकण्यासाठीच जातोय तर कान सांभाळा. संगीतासाठी मिळणारे इअरप्लग सगळे सूर बऱ्यापैकी सारखे खाली आणतात, त्यामुळे गाणं बुजत नाही. स्पीकरच्या समोर कधीच बसू नका. कडेला, ड्रमच्या बाजूने बसलात तर चित्रही बरं मिळतं.

रंगांचा नाद इथे सोडावा. दिवे लाल झाले की लाल पेन्सिलीची रेघ पांढऱ्या कागदात विरून जाते, निळे झाले की तोच लाल काळा दिसतो. आपण काय लावतोय ते खोलीबाहेर येईपर्यंत कळत नाही. मी राखाडी कागद, काळं ब्रश पेन आणि पांढरी पेन्सिल एवढंच ठेवते. कागदाचा रंग म्हणजे मधला उजेड, काळं म्हणजे अंधार, पांढरं फक्त जिथे दिवा थेट पडतो तिथे. ड्रमरच्या बाबतीत तर अनेकदा झांजेची कड, उजवं मनगट आणि कपाळ एवढंच उजळतं. तेवढंच काढा, बाकी कागद तसाच राहू द्या. उजव्या हाताने वाजवणाऱ्या ड्रमरचा उजवा हात डाव्यावरून ओलांडून डावीकडच्या हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, जातो, आणि त्या फुलीमुळे त्याचे दोन्ही खांदे किंचित आत वळतात. ही फुली आली की ड्रमर वाजवताना दिसतो, नाहीतर तो जेवायला बसल्यासारखा दिसतो.

डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोनची स्क्रीन एकदा बघितली की बरीचशी कमाई जाते. फोन बॅगेत. पान दिसण्यासाठी उजेड हवाच असेल तर टोपीला लावायचा मंद लाल दिवा चालतो. त्याने अंधाराला सरावलेली नजर कमी बिघडते आणि शेजाऱ्यालाही त्रास होत नाही. वही ए-५ पेक्षा मोठी नको, कारण गर्दीत कोपर हलवायला तेवढीच जागा मिळते. पुठ्ठा टणक असावा, म्हणजे उभ्यानेही काढता येतं. शाई न पसरणारी, चटकन वाळणारी घ्या, नाहीतर पुढचं पान मागच्याला चिकटतं. पाण्याची बाटली आणि जलरंगांचा डबा अशा गर्दीत नेऊच नये. वायरी, पेडल आणि सांडलेलं पाणी यांचं काय होतं ते प्रत्येक ध्वनितंत्रज्ञ जाणतो.

रविवारी सकाळी एका घरात छोटी बैठक होती, माइक नाही, विजेचं एकही वाद्य नाही. तिथे उलट अडचण. कोळशाची खरखर, मार्करचा किंचाळता आवाज, पान फाडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो. मऊ पेन्सिल, ४बी किंवा ६बी, आणि पान उलटायचं ते टाळ्यांमध्ये. एका गाण्याला मी पेन्सिल खालीच ठेवली. काही गाणी काढायची नसतात, आणि हे कुठल्या गाण्याला करायचं ते तिथे बसल्यावरच कळतं.

तिकीट काढून जा. ओळख आहे, चित्र काढणार आहे, म्हणून फुकट आत जाऊ नका. या माणसांचा प्रवास आणि सरावाच्या खोलीचं भाडं दाराशी जमलेल्या पैशांतून निघतं. कार्यक्रमानंतर टेबलावर ठेवलेली सीडी, रेकॉर्ड, टी-शर्ट यांतलं काही घेता आलं तर घ्या. घरी आल्यावर घ्यायचं असेल तर बँडकॅम्प ही कलाकारांची गाणी थेट विकणारी वेबसाइट आहेच. डिजिटल विक्रीत तिथे साधारण १५ टक्के कंपनीला जातात, आणि ‘बँडकॅम्प फ्रायडे’ जाहीर होतो त्या दिवशी कंपनी आपला वाटा सोडते. २०२० पासून हे चालू आहे. खरेदी त्या दिवसावर ठेवली तर कलाकाराच्या हाती जास्त पडतं.

चित्र दाखवायला लाजू नका, पण वेळ बघून दाखवा. वाजवून उतरलेला माणूस घामाने भिजलेला असतो, वाद्यं गुंडाळायची असतात, पुढच्या बँडला जागा द्यायची असते. टेबलाशी गर्दी ओसरली की वही उघडा. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात, सावली न पडता, पानाचा फोटो काढा आणि कलाकाराला पाठवा. कार्यक्रमाची तारीख आणि जागा पानावरच लिहिलेली असली तर त्यांना पुढे उपयोग होतो. कुठेही टाकण्याआधी विचारा, विशेषतः घरच्या बैठकीतली चित्रं, कारण तिथे श्रोत्यांचे चेहरेही येतात. त्यांनी पोस्टरसाठी किंवा अल्बमच्या कव्हरसाठी चित्र मागितलं तर आनंदाने द्या, पण कशासाठी, किती काळ, नाव कुठे येईल आणि मोबदला काय, हे लेखी ठरवा. त्यांच्या गाण्यांच्या हक्कांसाठी ते जेवढे काटेकोर असतात, तेवढंच आपण आपल्या रेघेसाठी असावं. मूळ पान मात्र मी देत नाही. वहीतून पान गेलं की शेजारच्या पानावरची अर्धी आकृती कुठल्या गाण्यातली होती ते मलाही सांगता येत नाही. मागितलंच तर चांगल्या कागदावर छापून पाठवते.