आखूड शेपटीचा रिसेप्टर

सोमवार, रात्री

एम.एस्सी.च्या मुलांना या आठवड्यात सायटोकाइन रिसेप्टर शिकवायचे आहेत. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोपाचे रेणू, रिसेप्टर म्हणजे ते निरोप घेणारी पेशीवरची प्रथिनं. पुस्तकात त्याचा एक तक्ता असतो, डावीकडे सायटोकाइन, उजवीकडे रिसेप्टर. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरतात. त्यांना दोष तरी काय द्यायचा, त्या तक्त्यातली एकेक ओळ भरायला कुणाची किती वर्षं गेली हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून यंदा एकच माणूस धरून शिकवायचं ठरवलंय, जपानी प्रतिकारशास्त्रज्ञ तादामित्सु किशिमोतो. जन्म १९३९चा, ओसाकाजवळच्या तोंदाबायाशीचा. १९६४ला ओसाका विद्यापीठातून डॉक्टर झाले. १९७०मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सला गेले ते किमिशिगे इशिझाकांकडे. इशिझाका पतिपत्नींनी आयजीई हे ॲलर्जीतलं प्रतिपिंड (अँटिबॉडी) शोधून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. टी पेशी आणि बी पेशी, दोन्ही प्रतिकारशक्तीच्या. तिथे किशिमोतोंच्या लक्षात आलं की टी पेशी ज्या द्रवात वाढवल्या तो नुसता द्रव बी पेशींना दिला तरी त्या प्रतिपिंडं बनवायला लागतात. म्हणजे टी पेशी काहीतरी बाहेर सोडतात. १९७३ साली हे छापून आलं. ते ‘काहीतरी’ म्हणजे नक्की काय, याचं उत्तर हाती यायला १९८६ उजाडलं!

तेरा वर्षं एका सुपरनेटंटच्या, म्हणजे पेशींवरच्या त्या द्रवाच्या मागे. आजच्या हिशेबात हे बसवून बघितलं. तीन वर्षांचा प्रकल्प, दर वर्षाला प्रगती अहवाल, मग मुदतवाढीचा अर्ज. आपल्याकडच्या कुठल्या समितीने दुसरी मुदतवाढ दिली असती, देव जाणे.

१९८६ला किशिमोतोंच्या गटातल्या तोशिओ हिरानो आणि मंडळींनी त्या रेणूचं जनुक क्लोन केलं, म्हणजे वेगळं काढून त्याच्या प्रती बनवल्या. तेव्हा त्याचं नाव बीएसएफ-२. क्रम जुळवून बघितल्यावर गंमत कळली. इंटरफेरॉनवाल्यांनी इंटरफेरॉन-बीटा-२ म्हणून धरलेला, हायब्रिडोमा या संकरित पेशींवाल्यांनी वाढीचा घटक म्हणून वापरलेला आणि यकृतवाल्यांनी हेपॅटोसाइट स्टिम्युलेटिंग फॅक्टर म्हणून नोंदवलेला, सगळा एकच रेणू निघाला. पुढे सर्वानुमते तो इंटरल्युकिन-६, थोडक्यात आयएल-६, झाला.

यकृताचा हा धागा वर्गात सोडायचा नाही. कोविडच्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मेमध्ये, पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, “सीआरपी किती आला?” भाजीवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना आकडे पाठ. तो सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन, यकृत बनवतं, आणि बनव म्हणून यकृताला सांगतं ते मुख्यतः आयएल-६. म्हणजे आपण सगळे व्हॉट्सॲपवर आयएल-६चाच पत्ता एकमेकांना पाठवत होतो.

बुधवार

आज मुख्य भाग लिहून काढला, रिसेप्टरचं क्लोनिंग. मला यातला सर्वांत आवडता भाग हाच, कारण फ्लो सायटोमीटर या चमकणाऱ्या पेशी मोजणाऱ्या यंत्रासमोर अंधाऱ्या खोलीत मी स्वतः बरीच वर्षं काढली आहेत.

सायटोकाइन निदान द्रवात सापडतं, ते गाळून शुद्ध करता येतं. रिसेप्टर पेशीच्या आवरणात रुतलेला, तोही एका पेशीवर काहीशे ते काही हजार. तेवढ्यातून प्रथिन शुद्ध करायचं म्हणजे वाळू रगडणं. म्हणून किशिमोतोंच्या गटाने दुसरी वाट धरली. ज्या पेशीवर हा रिसेप्टर आहे तिच्यातल्या सगळ्या आरएनएपासून सीडीएनए, म्हणजे त्याच्या डीएनए प्रती, बनवायचे आणि ते प्लाझ्मिड या डीएनएच्या छोट्या वर्तुळात घालायचे, म्हणजे झाली लायब्ररी. ही लायब्ररी कॉस-७ या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये सोडायची. बहुतेक पेशींना भलतंसलतं मिळतं. पण जिच्या वाट्याला नेमकं रिसेप्टरचं जनुक येतं ती तो रिसेप्टर अंगावर मिरवते. मग बायोटिन लावलेलं आयएल-६ त्यांच्यावर ओतायचं, त्यावर बायोटिनला चिकटणारा, हिरवा चमकणारा अ‍ॅव्हिडिन, आणि चमकणाऱ्या पेशी तेवढ्या सॉर्टरने बाजूला काढायच्या. त्यांच्यातलं प्लाझ्मिड काढून जिवाणूत वाढवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या फेरीला पडद्यावर ठिपक्यांचा एक मोठा ढग दिसतो आणि उजवीकडे तुरळक ठिपके. ते खरे की मेलेल्या पेशींना रंग चिकटलाय, हे कळायला मार्ग नसतो. मेलेल्या पेशी कशालाही चिकटतात. तेवढ्या ठिपक्यांवर विसंबून पुढची फेरी लावायची. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला उजवीकडची गर्दी वाढली तर जिंकलात, नाहीतर बर्फाची पेटी उचलून घरी. १९८८मध्ये यामासाकी, तागा वगैरेंच्या नावाने ‘सायन्स’मध्ये हा रिसेप्टर छापून आला. ४६८ अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या माळेत तेवढे मणी.

आणि इथे कथा अडकली. रिसेप्टर मिळाला, पण पेशीच्या आत त्याची शेपटी होती अवघी ८२ अमिनो आम्लांची, आणि तिच्यात संदेश पुढे नेईल असं काहीच दिसेना. ती शेपटी कापून टाकली तरी काम चालूच! दारावर बेल आहे, वायर नाही, तरी आत घंटा वाजतेय.

हाच पेच शेजारी आयएल-२ या दुसऱ्या सायटोकाइनवाल्यांना चार वर्षं आधी पडला होता. क्योटोचे होंजो आणि अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचे लिओनार्ड-ग्रीन यांनी १९८४ला त्या रिसेप्टरची अल्फा साखळी क्लोन केली, तर तिची आतली शेपटी फक्त १३ अमिनो आम्लांची. तिथे खरं काम करणाऱ्या साखळ्या नंतर सापडल्या. बीटा तानिगुचींच्या गटाला १९८९ला, गॅमा सेंदाईच्या सुगामुरांच्या गटाला १९९२ला. आणि १९९३ला कळलं की याच गॅमाच्या जनुकात बिघाड झाला की मुलगे प्रतिकारशक्तीशिवाय जन्मतात. प्लॅस्टिकच्या फुग्यात वाढलेल्या टेक्सासच्या मुलाला होता तोच आजार. तो मुलगा १९८४लाच गेला होता.

आयएल-६च्या बाबतीत किशिमोतोंच्याच गटातल्या तागांनी १९८९ला दाखवलं की आयएल-६ चिकटल्यावर रिसेप्टर शेजारच्या एका मोठ्या प्रथिनाला जवळ ओढतो आणि आत निरोप देतं ते हे प्रथिन. वजन १३० किलोडाल्टन, म्हणून नाव जीपी१३०. १९९०ला त्याच गटातल्या हिबींनी ते क्लोन केलं. मग एकदम बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. एलआयएफ, ऑन्कोस्टॅटिन-एम, आयएल-११ हे इतर सायटोकाइन सगळे याच जीपी१३०मधून बोलतात, म्हणून त्यांची कामं एकमेकांसारखी दिसतात.

मला विचाराल तर किशिमोतोंच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा क्षण हा, याच रिसेप्टरला अडवणाऱ्या टोसिलिझुमॅब या औषधाचा नव्हे. पण लोकांना औषध आठवतं, तेही ठीकच आहे.

शुक्रवार

औषधाचं थोडक्यात. रिसेप्टर हाती आला तेव्हाच तो अडवायची वाट दिसली. उंदराचं प्रतिपिंड केंब्रिजच्या एमआरसी या संशोधन संस्थेच्या मदतीने माणसाला सोसेल असं केलं, चुगाई कंपनीने ते औषध म्हणून पुढे नेलं. जपानमध्ये २००५ला कॅसलमन या लसिका गाठींच्या दुर्मिळ आजारासाठी आणि २००८ला संधिवातासाठी परवानगी मिळाली. मधल्या काळात, १९९७ ते २००३, किशिमोतो ओसाका विद्यापीठाचे अध्यक्ष होते. अध्यक्षपद सांभाळून संशोधन चालू ठेवणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो आणि थोडा संशयही.

२०१२ला फिलाडेल्फियात ल्युकेमियाच्या एका लहान मुलीला कार-टी पेशी, म्हणजे कर्करोगावर चाल करायला जनुक बदललेल्या टी पेशी, दिल्या आणि ती अत्यवस्थ झाली. रक्तात आयएल-६ प्रचंड वाढलेलं. तो उपचार घडवणाऱ्या कार्ल जून यांना हे औषध ठाऊक होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता. टोसिलिझुमॅब दिलं आणि ती ल्युकेमियाची मुलगी वाचली. आता आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची कार-टीही आली आहे. कार-टी द्यायची म्हटलं की हे औषध हाताशी ठेवावंच लागतं.

आणि आपलं २०२१. ‘टोसि’ची चिठ्ठी घेऊन हिंडणारे नातेवाईक आठवतात. एक कुपी चाळीस हजारांच्या घरात, तीही मिळाली तर. मलाही ओळखीतल्यांचे फोन यायचे, “तुम्ही त्याच क्षेत्रातले ना, कुठे मिळेल?” रिसेप्टर कसा क्लोन केला ते मला माहीत होतं, कुपी कुठे मिळेल ते नव्हतं. रिकव्हरी या ब्रिटनमधल्या कोविड औषध-चाचणीत २८ दिवसांत टोसि मिळालेल्यांपैकी ३१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी ३५. चाचणीत घेतले होते ते ऑक्सिजन कमी पडलेले आणि सीआरपी ७५च्या वर गेलेले रुग्ण. म्हणजे शंभरात चार जीव. हे कमी नाही, पण संजीवनीही नव्हे. फोनवर हा हिशेब कुणाला सांगणार? ज्याच्या घरचा माणूस आत आहे त्याला शंभरातले चार दिसतात, शहाण्णव नाही. मीही त्याच्या जागी असते तर पळापळच केली असती.

मुलांना एक व्यावहारिक गोष्ट सांगायची राहू नये: टोसि दिल्यावर सीआरपी पडतोच, कारण यकृताला निरोपच पोचत नाही. तेव्हा नुसता सीआरपी पाहून रुग्ण सुधारला म्हणायचं नाही, आत जंतुसंसर्ग चालू असू शकतो. हे परीक्षेत विचारणार आहे.

उद्याचा तास जीपी१३०पर्यंत. जॅक-स्टॅट, म्हणजे तिथून निरोप पेशीच्या आत पुढे कसा जातो ते, पुढच्या आठवड्यात, प्रोजेक्टर दुरुस्त होऊन आला तर.