परस्पर संमतीचा घटस्फोट: अटींच्या मसुद्यात काय लिहायचं

पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर 'आम्ही आजपासून राजीखुशीने विभक्त होत आहोत' एवढं टाइप केलेलं, खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि नोटरीचा गोल शिक्का. असा कागद घटस्फोट समजून वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवणारी माणसं आजही भेटतात. हिंदू विवाह कायद्याने हा घटस्फोट होत नाही. नोटरी फक्त सही कोणी केली एवढं सांगतो, लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही. या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते पहिल्या दिवसापासून रद्दबातल ठरतं, वर द्विविवाहाचा गुन्हा लागू शकतो. काही समाजांत रूढीने होणारी काडीमोड कायद्याने (कलम 29) मान्य आहे, पण ती रूढी जुनी आणि अखंड चालत आलेली आहे हे न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. पंचांनी लिहून दिलं म्हणून ती आपोआप सिद्ध होत नाही.

'कायदेशीर विभक्तता' हा दुसरा शब्द असाच सैल वापरला जातो. कलम 10 खाली न्यायालयाने न्यायिक विभक्ततेचा हुकूम दिला, तर एकत्र राहण्याची सक्ती जाते, लग्न मात्र टिकून राहतं. दोघांपैकी कोणालाही दुसरं लग्न करता येत नाही. हुकमानंतर वर्षभर पुन्हा संसार सुरू झाला नाही, तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. ज्यांना वेगळं तर राहायचंय, पण शेवटचं पाऊल आत्ता टाकायचं नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग आहे.

इथून पुढचं सगळं परस्पर संमतीच्या घटस्फोटाबद्दल, म्हणजे कलम 13 ब. लग्न विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने झालं असेल तर कलम 28, रीत जवळपास तीच. गोव्यात हिंदू विवाह कायदा चालत नाही, तिथली नागरी संहिता वेगळी, म्हणून तिथल्या लग्नाला हे जसंच्या तसं लावू नका.

दाखल करण्याची बाजू सोपी आहे. दोघांची मिळून एक याचिका, दोघेही अर्जदार. मुंबईत वांद्र्याचं कौटुंबिक न्यायालय, पुण्यात शिवाजीनगरचं. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे. लग्न जिथे झालं किंवा दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले, तिथे दाखल करता येते. सोबत लग्नाची पत्रिका किंवा फोटो, विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचे आधार, पत्त्याचा पुरावा, मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले. वर्षभर वेगळं राहत असल्याचं याचिकेत तारखेनिशी लिहावं लागतं. 'सुमारे दीड वर्षापासून' असं लिहू नका, नक्की तारीख घाला. एकाच घरात राहूनही पती-पत्नी म्हणून नातं संपलेलं असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सुरेष्टा देवी खटल्यात 1991 मध्ये मान्य केलंय. तेव्हा पत्ता एकच असला तरी याचिका अडत नाही, मात्र ते तसं स्पष्ट लिहायला हवं.

नावाचा घोळ इथेच मिटवा. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव आणि मधलं नाव बदलतं, कित्येक घरांत पहिलं नावही बदलतं. लग्नपत्रिकेवर एक नाव, दहावीच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. याचिकेच्या शीर्षकात सगळी नावं 'उर्फ' लावून घेतली नाहीत, तर पुढे हुकूमनाम्यावर एकच नाव येतं आणि पासपोर्ट कार्यालयात किंवा बँकेत 'ही तुम्हीच कशावरून' हा प्रश्न उभा राहतो.

आता मुख्य कागद: संमतीच्या अटी, वकिलांच्या भाषेत कन्सेंट टर्म्स. लोक याचिकेवर चार बैठका घालवतात आणि अटी मात्र जुन्या मसुद्यात नावं बदलून उरकतात. पुढची बहुतेक भांडणं या कागदातल्या मोघम वाक्यांतून निघतात. न्यायालय हा कागद हुकूमनाम्याला जोडतं. नंतर कोणी शब्द पाळला नाही तर दरखास्त, म्हणजे हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून वसुली करायची असते, आणि दरखास्त फक्त त्याच गोष्टीची चालते जी कागदावर मोजता येईल अशी लिहिलेली आहे.

एक उदाहरण घेऊ. त्यात येणारा 'दुसरा जबाब' म्हणजे घटस्फोटाच्या हुकमाआधी दोघांनी न्यायालयात दुसऱ्यांदा द्यायचा संमतीचा जबाब. 'अर्जदार क्र. 1 हे अर्जदार क्र. 2 यांना पोटगीपोटी योग्य ती रक्कम देतील.' या वाक्यावर वसुली होत नाही. हेच असं लिहा: 'अर्जदार क्र. 1 हे अर्जदार क्र. 2 यांना कायमस्वरूपी पोटगीपोटी एकूण रु. 20,00,000 देतील. पैकी रु. 8,00,000 याचिका दाखल करतेवेळी डिमांड ड्राफ्टने दिले व अर्जदार क्र. 2 यांना ते पोचले. उरलेले रु. 12,00,000 दुसऱ्या जबाबाच्या दिवशी, हुकूम होण्यापूर्वी, न्यायालयासमोर डिमांड ड्राफ्टने देतील.' आणि लगेच पुढचं वाक्य, जे दहातल्या नऊ मसुद्यांत सापडत नाही: मधल्या काळात कोणी संमती काढून घेतली तर त्या आठ लाखांचं काय? परत द्यायचे, की पुढच्या पोटगीत वळते करायचे? संमती हुकूम होईपर्यंत टिकावी लागते, तोवर ती काढून घेण्याचा हक्क दोघांनाही आहे. म्हणून हे आधीच ठरवलेलं बरं. चेकपेक्षा डिमांड ड्राफ्ट बरा, कारण न वटलेल्या चेकमागे नवा खटला उभा राहतो. रक्कम ठरवण्याआधी दोघांनीही तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, पगारपत्रकं आणि बँकेचे उतारे एकमेकांना द्यावेत. पोटगीच्या दाव्यांत मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र देणं रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालापासून बंधनकारक आहे. संमतीच्या प्रकरणातही त्याच नमुन्यात माहिती मागून घ्या, आकडा हवेत राहत नाही.

दागिने. 'स्त्रीधन परत केले' या तीन शब्दांवर सही करू नका. यादी जोडा: मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, गोठ, प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये, कोणी दिलेलं, आज कोणाकडे. बँकेच्या लॉकरमध्ये असेल तर लॉकर कोणाच्या नावावर आणि कोणत्या तारखेला दोघांनी मिळून उघडायचा, तेही लिहा. देवाणघेवाण झाली की यादीच्या खाली पोचपावती.

घर. इथे दोन वेगळ्या चुका होतात. पहिली कर्जाची. 'यापुढे कर्जाचे हप्ते पती भरतील' असं अटींत लिहिलं तरी बँक त्या कागदाला बांधील नाही. सहकर्जदार म्हणून बायकोची सही असेल तर हप्ता चुकल्यावर वसुली तिच्यावर येते आणि सिबिल दोघांचंही खराब होतं. बँकेकडून तिचं नाव कर्जातून कमी केल्याचं पत्र दुसऱ्या जबाबाआधी हातात घ्या. बँक एकट्याच्या पगारावर कर्ज पुढे न्यायला नाही म्हणाली तर घर विकून कर्ज फेडणं हाच उपाय उरतो, आणि तोही आधीच अटींत घालावा लागतो.

दुसरी चूक मालकीची. हुकूमनाम्यात 'सदनिका पत्नीला मिळेल' लिहिलं म्हणजे नाव बदललं असं नाही. नोंदणी कायद्याच्या कलम 17 नुसार संमतीचा हुकूमनामा नोंदणीतून सुटतो, पण त्यात याचिकेच्या विषयात नसलेली स्थावर मालमत्ता आली तर नोंदणी लागते. म्हणून सदनिकेचा पूर्ण तपशील, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, मूळ करारनाम्याचा दस्त क्रमांक, हे याचिकेतच परिशिष्ट म्हणून द्या. मुद्रांक शुल्काचं गणित तारखेवर फिरतं. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे (नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळे). ही सवलत नात्याला आहे. हुकूमनाम्यानंतर ती बायको राहत नाही आणि शुल्क बाजारभावावर लागतं, म्हणजे मोठ्या शहरातल्या सदनिकेला लाखांत. त्यामुळे दस्त हुकुमाआधी, दुसऱ्या जबाबाच्या दोन-चार दिवस आधी नोंदवायचा. एक सावधगिरी: बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेलं. अटींत त्याच घराला पोटगीच्या बदल्यातली किंमत लावली तर दस्ताच्या स्वरूपावरच बोट ठेवलं जातं. या एका मुद्द्यापुरता दस्त करणारा वकील आणि घटस्फोटाचा वकील यांना एकमेकांशी बोलायला लावा.

मुलं. 'वडिलांना मुलाला भेटण्याचा अधिकार राहील' हे वाक्य भांडणाचं बीज आहे. कोणता वार, किती ते किती, कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, आजारपणात बुडालेली भेट कधी भरून द्यायची, हे सगळं लिहा. मुलाच्या पासपोर्टला दोघांची संमती मागतात, तेव्हा ती सही कोणी किती दिवसांत द्यायची तेही. शाळेची फी आकड्यात न लिहिता 'शाळेच्या पावतीप्रमाणे' लिहा, दरवर्षी वाढते. आई मुलाच्या पोटगीवरचा हक्क सोडून देऊ शकत नाही, तो हक्क मुलाचा आहे. अटींत तसं लिहिलेलं असलं तरी पुढे मुलासाठी पोटगी मागता येते.

फौजदारी तक्रार असेल तर 'पत्नी तक्रार मागे घेईल' एवढं पुरत नाही. पोलीस ठाण्यात जाऊन गुन्हा मागे घेता येत नाही. तो रद्द करायला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 482, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 528. बायकोचं संमतीचं प्रतिज्ञापत्र कधी द्यायचं आणि शेवटचा हप्ता त्याच्या आधी की नंतर, हा क्रम अटींत स्पष्ट हवा. कोणी आधी हात सोडायचा यावरून झालेली तडजोड इथेच फिसकटते.

दाखल झाल्यावर समुपदेशकांकडे पाठवतात, मग पहिला जबाब. दुसरा जबाब याचिका दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत. सहा महिने माफ होऊ शकतात: अमरदीप सिंग खटल्यात सप्टेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकष घातले. वेगळं राहण्याचं एक वर्ष आणि हे सहा महिने मिळून दीड वर्ष पहिल्या जबाबाआधीच झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न थकलेले हवेत, पोटगी आणि मुलांचा प्रश्न मिटलेला हवा. अर्ज पहिल्या जबाबानंतर आठवड्याने करता येतो. म्हणूनच वेगळं राहण्याची ती तारीख नेमकी असावी. 2023 च्या शिल्पा शैलेश निकालाचा दाखला देऊन कोणी 'एका दिवसात करून देतो' म्हणालं तर विश्वास ठेवू नका, सहा महिने न थांबता थेट घटस्फोट देण्याचा तो राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 चा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे.

जोडीदार परदेशात असेल तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्या. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे विसरलं की ऐन तारखेला कागद बाजूला पडतो.

हुकूमनामा झाला की प्रमाणित प्रतींचा अर्ज त्याच दिवशी करा, किमान चार प्रती. पासपोर्ट, बँक आणि सोसायटीला दाखवायला लागतात, एक मूळ फाइलमध्ये. भविष्य निर्वाह निधी, विमा, म्युच्युअल फंड यांतलं नामनिर्देशन आपोआप बदलत नाही, प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र अर्ज. पुन्हा लग्न करायचं असेल तर अपिलाची 90 दिवसांची मुदत संपू द्या. प्रत हातात आली की खिडकीपासून हलण्याआधी वाचा: दोन्ही नावं, उर्फ, लग्नाची तारीख, अटींची जोडलेली सगळी पानं. एखादं अक्षर चुकलं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 152 खाली दुरुस्ती होते, आणि तो अर्ज त्याच आठवड्यात, फाइल अभिलेख कक्षात जाण्याआधी, दिलेला सोपा पडतो.