मिरजेत सापडलेला गांधार

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सांगलीतल्या एका गायन क्लाससाठी मी रियाझाचं ॲप लिहीत होतो. मुलगी गाते, मोबाइल तिच्या स्वराची कंपनं मोजतो. स्वर जागेवर असेल तर हिरवं, नाहीतर लाल. भूप राग गाताना सा, रे, प हिरवे यायचे. गांधार (ग) आणि धैवत (ध) मात्र हटकून लाल. ॲप म्हणे, कमी लागतोय. क्लासच्या बाई म्हणाल्या, "पोरीचा गांधार स्वच्छ आहे. तुमचं कोड तपासा."

दोन दिवस ओळन् ओळ तपासली. चूक सापडेना. शेवटी बाईंनीच मिरजेला धाडलं, सतारमेकरांच्या गल्लीत.

तिथले एक जुने कारागीर, चाचा, तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तारांचा झंकार जुळवत बसले होते. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर कानस अगदी हलकी फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. तंबोरा पांढरी सहात, म्हणजे पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात होता. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या साच्या तारेखाली त्यांनी सुताचा दोरा सरकवला, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तार एकदम बोलायला लागली.

"यात गांधाराची तार आहे का, साहेब?"

"नाही."

"मग हा कोण बोलतोय?"

अंगावर काटा आला. खर्जातून गांधार लख्ख ऐकू येत होता. मी मोबाइल पुढे धरला. खर्ज सेकंदाला 110 कंपनं, आणि वर ठळक 550. बरोबर पाचपट! तार स्वतःचे पाच सारखे भाग करून कंप पावते, त्यातून हा स्वर निघतो. दोन सप्तकं खाली आणला की षड्जाच्या (साच्या) सव्वापट, 1.25.

माझ्या कोडमध्ये 1.2599 होतं. सप्तकाचे बारा समान भाग करणारं कीबोर्डचं सूत्र मी डोळे झाकून उचललं होतं. 220च्या षड्जाला मुलगी 275वर गात होती, आणि मी तिला 277.2 मागत होतो. धैवताचंही तेच. तो षड्जाच्या 5/3 पट हवा, म्हणजे 366.7, मी मागत होतो 370. पंचमात दोन्ही हिशेब जवळपास जुळतात, म्हणून तो बिचारा कधी लाल झाला नाही. इतके दिवस त्या पोरीला आपण चुकीचं ठरवलं, याचं मला फार वाईट वाटलं.

याच मिरजेत किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, आणि सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांवर पुस्तक काढलं. हे सगळं माझ्या घरापासून दहा किलोमीटरच्या आत, आणि मी सूत्र शोधत होतो इंटरनेटवर.

रात्री बारा गुणकांची ती ओळ काढली आणि भूपासाठी वेगळा तक्ता लिहिला. बाकीच्या रागांचे तक्ते बाईंसमोर बसून, त्यांच्या गळ्यावरूनच भरायचे ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी गांधारावर थांबली. पडदा हिरवा झाला. तिने डोळे उघडलेच नाहीत.